पुण्यातून झिपलाईनला जाताय? बुकिंगच्या आधी हे वाचा

दिवाळी झाली की फॅमिली ग्रुपवर "कुठेतरी जाऊया ना" सुरू होतं, सिंहगड झालेला असतो, पानशेत झालेलं असतं, आणि मग कोणीतरी झिपलाईनचं, म्हणजे ताणलेल्या तारेला लटकून या टोकापासून त्या टोकाला घसरत जायच्या खेळाचं, रील टाकतं आणि सगळे अंगठे दाखवतात. छान आहे, जा जरूर. फक्त एक डोक्यात ठेवा, भीती आपल्याला तारेवर लटकल्यावर वाटते पण खरं लक्ष द्यायचं असतं ते त्याच्या आधी, प्लॅटफॉर्मवर उभं असताना.

आधी कुठे ते ठरवा. पुण्याच्या आसपास लोणावळा, मुळशी, पानशेत, भोर या भागात रिसॉर्ट आणि कॅम्पवाले झिपलाईन चालवतात, लोणावळ्याजवळ कुणेगावात डेला अ‍ॅडव्हेंचर पार्क आहे ते बऱ्याच जणांना माहिती असेलच. काही ठिकाणी तार छोटी, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, काही ठिकाणी दरी किंवा पाण्यावरून. लहान मुलं आणि पहिल्यांदा जाणारे असतील तर छोटीच बरी, उगाच पहिल्याच फटक्यात दरी कशाला.

जागेवाल्याला फोन केलात की रेट शेवटी विचारा. पहिलं विचारा की पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का, कारण 2021 मध्ये राज्य सरकारनं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यात अशा अ‍ॅक्टिव्हिटीवाल्यांनी नोंदणी करणं अपेक्षित आहे. "हो हो सगळं आहे सर" म्हणाला तर व्हॉट्सअ‍ॅपवर सर्टिफिकेट मागा, ज्याच्याकडे असतं तो लगेच पाठवतो. दुसरं, वजनाची मर्यादा विचारा, जास्तीत जास्त किती आणि कमीत कमीसुद्धा. हे कमीत कमीचं कोणी विचारतच नाही. तार मध्ये झोळ खाऊन असते ना, त्यामुळे शेवटचा थोडा तुकडा चढाचा असतो, हलकं पोरगं असेल आणि समोरून वारा असेल तर ते पोचायच्या आधीच थांबतं आणि मग मधोमध लटकून रडारड. जड माणूस उलट जोरात जातो, म्हणून पलीकडे ब्रेक काय आहे तेही विचारून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी घरातल्या काट्यावर सगळ्यांची वजनं करा, काकालोक आकडा सांगताना पाच किलो हमखास खातात.

प्रेग्नंट असेल, हार्टचा किंवा बीपीचा त्रास असेल, स्लिप डिस्क असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर त्या माणसानं खाली बसून फोटो काढायचे, यात लाजण्यासारखं काही नाही.

कपडे म्हणजे ट्रॅक पँट किंवा जीन्स, मांडीला पट्टे बसतात त्यामुळे शॉर्ट्समध्ये काचतं. ओढणी नको, मोठं मंगळसूत्र आणि लोंबणारे कानातले घरीच ठेवा, केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत. वर ट्रॉलीची, म्हणजे आपण जिला लटकतो त्या तारेवरच्या गाडीची, चाकं फिरत असतात आणि त्यात केस गेला तर काय होईल ते सांगायला नको. चप्पल उडते, बूट घाला. चष्म्याला दोरी. मोबाईल हातात धरून जायचा हट्ट असेल तर तो गेला असं समजूनच जा. मिसळ परतीच्या वाटेवर खा, आधी खाल्लीत तर पट्टे पोटावर आवळले की तर्री वर येते.

आता मुख्य. हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचे ते पट्टे, घातल्यावर मांडीच्या पट्ट्यात दोन बोटं सपाट जायला हवीत, मूठ जात असेल तर ढिला आहे, सरळ सांगा की आवळा. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर हवा, खाली घसरत असेल तर साईझ चुकलाय. बारक्या मुलांना कंबरच नसते, त्यांना छातीचाही पट्टा असलेला फुल बॉडी हार्नेसच मागा. हेल्मेट डोकं हलवल्यावर फिरता कामा नये. मग ट्रॉलीकडे बघा, तिच्यापासून आपल्यापर्यंत दोन जोडण्या हव्यात, एक मुख्य आणि एक बॅकअप, आणि दोन्हीकडच्या कॅराबिनरचं, म्हणजे अडकवायच्या धातूच्या कडीचं, लॉक फिरवून बंद केलेलं हवं. बोटानं दाबून बघा, उघडलं तर लॉक नाहीये. इन्स्ट्रक्टर वैतागला तर वैतागू दे.

हे सगळं एवढं का सांगतोय तर 2025 च्या एप्रिलमध्ये भोर तालुक्यात एका वॉटर पार्कमध्ये एक तरुणी हुक लावताना तोल जाऊन खाली पडली आणि गेली, म्हणजे तारेवर जायच्या आधीच. आणि त्याच वर्षी जूनमध्ये मनालीला नागपूरची एक लहान मुलगी तारेवरून जाताना पडून जबर जखमी झाली. म्हणून नियम असा की प्लॅटफॉर्मच्या कडेला जायच्या आधीच आपण कशाला तरी अडकवलेले हवे. स्टुलावर चढून, पाय उंचावून हुक लावायला सांगत असतील तर पैसे गेले तरी चालतील पण खाली उतरा.

निघालात की हात ट्रॉलीच्या पुढे तारेवर न्यायचे नाहीत, बोटं चाकाखाली येतात. पट्टा धरून मागे रेलून बसा, गुडघे थोडे पोटाकडे, उतरताना पाय वर आणि मग इन्स्ट्रक्टर सांगेल तेव्हाच खाली. मध्येच थांबलात तर हातपाय झाडू नका, बऱ्याच ठिकाणी तिथला माणूस दोरी घेऊन ओढायला येतो. एखादी वहिनी वर गेल्यावर नको म्हणाली तर तिला खरंच नको असतं, "काही नाही होत गं" करत ढकलू नका.

पावसाळ्यात शक्यतो नकोच. ओल्या तारेवर ट्रॉली जास्त पळते, आणि विजा चमकत असतील तर उंचावरच्या लोखंडी तारेजवळ कोणी का उभं राहावं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मस्त. उन्हाळ्यात जायचंच तर सकाळी.

आणि सकाळी म्हणजे सहा-साडेसहाला घर सोडा, रविवारी उशिरा निघालात तर लोणावळ्यात शिरायलाच अर्धा दिवस. मुळशीच्या आतल्या भागात रेंज जाते, गुगल पेच्या भरवशावर राहू नका, कॅश ठेवा. पानशेतकडून येत असाल तर संध्याकाळच्या आत खडकवासला चौपाटी पार करा, नाहीतर तिथल्या कणसाच्या गाड्यांसमोर तासभर पहिल्या गिअरमध्ये.