मालकाकडून बाळंतपणाचा पगार मिळत नसेल, तर सोलापुरात काय मागायचं, कुठे आणि कधी

गणवेशाच्या युनिटवर शिलाई करणारी असो, टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालणारी असो, की घरी विड्या वळणारी. मालकाने हात वर केले की बहुतेक जणी थेट अंगणवाडीत जाऊन 'पाच हजारांचा फॉर्म', म्हणजे मातृवंदना योजनेचा अर्ज, मागतात. त्याआधी पगाराची चिठ्ठी बघा.

चिठ्ठीवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात आहे का? ती पगाराच्या पाऊण टक्का असते, म्हणजे १२,००० पगारावर ९० रुपये. कपात होत असेल तर बाळंतपणाचे पैसे मालक नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ देतं: पूर्ण पगाराच्या दराने २६ आठवडे, आणि आधीची दोन मुलं हयात असतील तर १२ आठवडे. अट एवढीच, की लगतच्या दोन वर्गणी काळांत (एप्रिल ते सप्टेंबर, ऑक्टोबर ते मार्च) मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी जमा हवी. विमा क्रमांक घेऊन शाखा कार्यालयात ती तपासून घ्या. कापलेले पैसे भरलेलेच नाहीत, हे पोट दिसायला लागल्यावर नाही, आधीच कळलेलं बरं.

ईएसआय नाही, पण कामावर दहा किंवा जास्त माणसं आहेत आणि प्रसूतीच्या तारखेआधीच्या १२ महिन्यांत तुमचे ८० दिवस भरलेत? मग २६ आठवड्यांचा पगार देणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे. सहायक कामगार आयुक्तांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही.

यातलं काहीच लागू होत नसेल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत, ३,००० आणि २,०००. दुसरी मुलगी झाली तर ६,००० एकरकमी; दुसरा मुलगा असेल तर काही नाही. आईचं वय किमान १८ वर्षं ७ महिने लागतं. सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या बाईला ही योजना नाही, म्हणून ईएसआयची चौकशी आधी.

पहिला हप्ता कुठे हुकतो ते ठाऊक असावं. शेवटच्या पाळीपासून सहा महिन्यांच्या आत गरोदरपणाची नोंद आणि निदान एक तपासणी झालेली हवी. खासगी दवाखान्यात सोनोग्राफी केली म्हणजे नोंद झाली असं धरून बसणाऱ्या पुष्कळ. नोंद होते ती आशाताई किंवा एएनएम सिस्टरकडे, आणि तिचा पुरावा म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. पाळी चुकली की दुसऱ्या महिन्यातच महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात, गावाकडे असाल तर उपकेंद्रात जाऊन हे कार्ड करून घ्या. कार्डावर शेवटच्या पाळीची तारीख नीट लिहिली आहे का ते तिथेच वाचा. पुढची सगळी मुदत तिच्यावरून मोजतात. दुसऱ्या हप्त्याला बाळाचा जन्मदाखला आणि १४ आठवड्यांपर्यंतचे, म्हणजे साडेतीन महिन्यांचे लसीचे डोस लागतात. अर्ज बाळ जन्मल्यापासून २७० दिवसांत जायलाच हवा.

पात्रतेचा कागद म्हणून रेशनकार्ड सोपं, पण केशरी कार्ड असलं म्हणजे झालं असं नाही. ते अन्नसुरक्षेतलं, म्हणजे प्राधान्य कुटुंबाचं हवं. शंका असेल तर रेशन दुकानदाराला विचारा. असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्डही चालतं. विडी कामगारांची इथे गोची होते: त्यांचा पीएफ कापला जातो आणि पीएफ असलेल्याला ई-श्रम काढता येत नाही. त्यांनी रेशनकार्ड, आयुष्मान कार्ड किंवा वर्षाला आठ लाखांच्या आतला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्यावा.

मंजुरी आली तरी पैसे अडतात ते बँकेत. रक्कम फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात नाही, आधारशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) जोडलेल्या खात्यात जाते, आणि तीन बँकांत आधार दिलं असेल तर शेवटी जोडलेल्या. लाडकी बहीणचे पैसे ज्या खात्यात येतात तेच हे खातं, इतकी सोपी खूण. नवऱ्याचं खातं चालत नाही. आधारवर माहेरचं नाव आणि पासबुकावर सासरचं, हेही नेहमीचं. लग्नानंतर एकदाच दोन्ही सारखं करून टाका. नवऱ्याचं आधार आता सक्तीचं नाही, त्यामुळे त्यासाठी कुणी अडवलं तर तसं सांगा.

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि सोलापुरात कितीतरी जणींचं माहेर विजयपूर किंवा कलबुर्गीकडे. जाताना इथलं कार्ड बरोबर न्या आणि तिथल्या डोसांच्या तारखा, शिक्का, सही त्यावरच घ्या. तिकडे कर्नाटकचं वेगळं 'तायी कार्ड' (तिथलं आईचं कार्ड) करून नोंदी त्यावर झाल्या, की इकडे दुसरा हप्ता लटकतो. जन्मदाखला जिथे बाळ जन्मलं तिथूनच निघतो, तो घेतल्याशिवाय परत येऊ नका.

नवरा गवंडी, सेंट्रिंगवाला किंवा बिगारी असेल तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार मंडळाकडे बघा. नोंदीत कामगाराच्या पत्नीला नैसर्गिक प्रसूतीला १५,००० आणि सिझेरियनला २०,००० रुपये मिळतात, दोन अपत्यांपर्यंत. बाई स्वतः नोंदीत असेल तरी मिळतात. नोंदणीला आधीच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि नूतनीकरण दरवर्षी. ते राहिलं असेल तर प्रसूतीआधी करून घ्या.

सिव्हिल किंवा डफरिनसारख्या सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि रक्त जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत असतं. घरून रुग्णालयात जायला १०२ नंबरची रुग्णवाहिका. अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्या बाईला जननी सुरक्षा योजनेचे शहरात ६००, ग्रामीण भागात ७०० रुपये वेगळे. मुलगी झाली, कार्ड पिवळं किंवा केशरी आणि उत्पन्न लाखाच्या आत असेल, तर अंगणवाडी सेविकेकडे लेक लाडकीचा अर्जही द्या. जन्मानंतर ५,००० मिळतात, उरलेले मुलगी मोठी होईल तसे टप्प्याटप्प्याने.

मध्येच गर्भपात झाला किंवा बाळ मृत जन्मलं, तर मातृवंदनेचा हक्क संपत नाही. पुढच्या खेपेला नव्याने अर्ज करता येतो. आशाताईने 'एकदा झालं तुमचं' म्हटलं, तर हे तिला दाखवा.