सर्व्हेची प्रश्नावली बनवताय? आधी हे बघा

सर्व्हे म्हटलं की पोरं लगेच गूगल फॉर्म उघडून बसतात, ते नंतर. आधी तुम्हाला नक्की काय शोधायचंय ते एका ओळीत लिहा, मग प्रत्येक प्रश्न वाचून बघा की याच्या उत्तराचं मी करणार काय, सुचत नसेल तर प्रश्न उडवा, ३० चे १२ राहिले तरी चालतंय.

खरी गोची शब्दांत होते. आम्ही एका वस्तीत पाण्याचा सर्व्हे केला तेव्हा पहिलाच प्रश्न होता 'पाणी पुरेसं येतं का?' एक आजी म्हणाल्या, येतं की. टिक मारली. मग उठता उठता सहज विचारलं काल किती हंडे भरले, तर म्हणे दोन, बाकीचे सुनेनं हापशावरून आणले! 'पुरेसं' प्रत्येकाचं वेगळं असतं हो, म्हणून मोजता येईल असं विचारा, काल नळ किती वेळ चालला, किती हंडे भरले. आणि 'काल'च विचारा, सहा महिन्यांपूर्वीचं कुणाला आठवतंय.

'पाणी आणि संडासची सोय कशी आहे' असा जोडप्रश्न नको, एक बरी आणि एक वाईट असेल तर माणूस सांगणार काय? 'त्रास होतो ना?' मधला 'ना' पण काढा, समोरचा नुसती मान डोलावतो.

उत्पन्नाचं शेवटी घ्या. पहिल्याच मिनिटाला पगार विचारला की 'तुम्ही कुठल्या ऑफिसातून आलात' सुरू होतं. आम्ही त्याऐवजी रेशनकार्ड पिवळं, केशरी की पांढरं ते विचारायचो, त्यावरून ढोबळ अंदाज येतो.

लिंक व्हॉट्सअॅपवर फिरवून हजार उत्तरं आली म्हणून खूश होऊ नका. १९३६ साली अमेरिकेत अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकवाल्यांनी जवळपास १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांच्या वर परत आल्या, त्यावरून लँडन हा उमेदवार जिंकणार म्हणून छापलं आणि समोरच्या रूझवेल्टनी ४८ पैकी ४६ राज्यं मारली. नावं घेतली होती टेलिफोन डिरेक्टरी आणि गाडीवाल्यांच्या याद्यांमधून, मंदीच्या काळात, म्हणजे जास्त करून खात्यापित्या घरांतलीच! त्यापेक्षा घरांची यादी करून चिठ्ठ्या काढून घरं निवडा.

छापायच्या आधी १०-१२ जणांना प्रश्न वाचून दाखवा, जिथे 'म्हंजे?' ऐकू येईल तो प्रश्न परत लिहा. आणि नळाच्या टायमाला जाऊ नका, आम्ही गेलेलो, हंडा भरता भरता लोकांनी काहीही सांगितलं आणि त्या सगळ्या घरांत परत जाऊन विचारावं लागलं.