दाजीपूरला पाखरं बघायला जाताय? मग गाईडला आधीच सांगा

कोल्हापुरातनं कोण दाजीपूरला जाऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, गवा दिसला का? राधानगरी अभयारण्यातलं हे १९५८ पासनं गव्यांसाठी राखलेलं जंगल आहे, त्यामुळं लोकांचं बरोबरच आहे, पण त्यामुळं गाईडलापण वाटतं की आलेल्या माणसाला गवाच बघायचाय आणि मग गाडी थेट सड्याकडं (मोकळ्या कातळी पठाराकडं) निघते. म्हणून बुकिंगच्या वेळीच स्पष्ट सांगायचं, "दादा, आम्हाला पाखरं बघायची आहेत, गवा नाही दिसला तरी चालेल, गाडी सावकाश घ्या." एवढ्या एका वाक्यानं अख्खी सकाळ बदलते, खरंच.

पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. थंडीत पाहुणे पक्षी येतात, आणि फेब्रुवारी ते मे इथल्या पक्ष्यांचा आवाज जास्त. गेट कधी उघडतं, जिप्सी मिळेल का, हे निघायच्या आधी फोन करून विचारा. राधानगरीत किंवा दाजीपुरातच मुक्काम केला तर बरं, कारण पहिले दोन तास सगळ्यात मोलाचे आणि कोल्हापुरातनं पहाटे निघून ते गाठायचे म्हणजे लई धावपळ होते.

दुर्बीण ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) पुरे. पण ती आधी रंकाळ्यावर नाहीतर कळंब्याला पाणकावळ्यांवर वापरून हात बसवा. पाखरावरची नजर हलवायची नाही, तसंच बघत बघत दुर्बीण डोळ्याला लावायची. नवीन माणूस खाली दुर्बिणीकडं बघतो, परत वर बघतो तोवर पाखरू गायब.

आता मेन गोष्ट. तिथला गाईड आधी कानानं बघतो. तो थांबला की तुम्हीपण थांबा, "काय दिसलं काय दिसलं" करू नका, आधी काय ऐकू आलं ते विचारा. कुर्टुकचा (हिरवा बार्बेट पक्षी) आवाज सारखा चालूच असतो, तो एकदा ओळखता आला की बाकीचे आवाज वेगळे काढता येतात. भृंगराज (कोतवालाच्या जातीतला लांब शेपटीचा पक्षी) दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, तिथं तर गाईडशिवाय आपलं काय खरं नाही. आणि भृंगराज दिसला की लगेच पुढं जायची घाई नको, त्याच्यासोबत निखार, सातभाईंच्या जातीतले बारके पक्षी असा मिक्स घोळका बऱ्याचदा फिरत असतो, पाच-दहा मिनिटात सगळे झाडावरनं सरकत जातात.

कर्णा (मलबार ट्रोगन) बघायचा असेल तर शेंड्याकडं बघू नका, मधल्या फांद्या बघा. ताठ, गप्प बसलेला असतो, नराचं पोट लालभडक आणि छातीवर पांढरा पट्टा, पण पाठ तपकिरी, त्यामुळं पाठमोरा बसला तर समोर असूनपण दिसत नाही! गाईडला "तिकडं" नको, "जाड बुंध्याच्या डावीकडं दुसरी फांदी" असं सांगायला लावा.

उंबर, पायर फळाला आलेलं झाड गावातल्या माणसाला माहीत असतं, ते विचाराच. तिथं हरियल, कुर्टुक, धनेश असे सगळे एकाच झाडावर मिळू शकतात.

मोबाईलवर आवाज वाजवून पाखरू बोलवायला गाईडला सांगू नका, तो स्वतः वाजवायला लागला तरी नको म्हणा. घरट्याच्या दिवसात नर स्वतःची जागा राखायला धावतो आणि त्याचं खाणं, पिलांना भरवणं राहून जातं. धनेशाच्या बाबतीत तर जास्तच जपा. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि कित्येक आठवडे नर त्या फटीतनं तिला फळं आणून देतो. आपण झाडाखाली उभं राहिलो तर तो जवळ यायला घाबरतो आणि आत मादी उपाशी. त्यामुळं गाईड लांबनंच बघा म्हणाला तर फोटोसाठी हट्ट नको, आणि बघितलेल्या पाखरांची यादी ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) जरूर टाका पण ढोलीचं लोकेशन कुठल्याच ग्रुपवर नाही.