अँझॅक बिस्किटं: सोडा फेसाळू द्या, बिस्किटं मऊ असतानाच काढा

दरवर्षी २५ एप्रिलच्या सुमारास ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या घराघरांत ही बिस्किटं भाजली जातात. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली याच तारखेला दोन्ही देशांचे सैनिक तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. ‘अँझॅक’ हे त्यांच्या संयुक्त दलाचं नाव. ऑस्ट्रेलियात हा शब्द कायद्याने संरक्षित आहे. बिस्किटांना तो वापरायला मुभा आहे, पण विकताना मूळ कृतीपासून फार दूर जाता येत नाही आणि ‘अँझॅक कुकी’ असंही म्हणता येत नाही. घरी चॉकलेट घातलं तर कुणी अडवणार नाही, तरीही घालू नये. भाजलेले ओट्स, खोबरं आणि पाक यांची चव त्याखाली दबून जाते.

साधारण २८ बिस्किटांसाठी मैदा १५० ग्रॅम, रोल्ड (चपटे केलेले) ओट्स १०० ग्रॅम, डेसिकेटेड कोकोनट (सुकं किसलेलं खोबरं) ८० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, बटर १२५ ग्रॅम, गोल्डन सिरप (साखरेचा घट्ट सोनेरी पाक) ४० मिली, खायचा सोडा सपाट १ छोटा चमचा आणि उकळतं पाणी ४० मिली घ्या. अंडं लागत नाही. ऑस्ट्रेलियन पाककृतींतला मोठा चमचा २० मिलीचा असतो, त्यामुळे ४० मिली म्हणजे तिथले दोन चमचे. आपला १५ मिलीचा चमचा वापरला की पाक आणि पाणी पाव भागाने कमी पडतं आणि मिश्रण भुरभुरीत राहतं.

ओट्स रोल्डच हवेत. इन्स्टंट ओट्स ओलावा पटकन शोषून लगदा होतात, तर स्टील-कट (नुसते तुकडे केलेले) ओट्स एवढ्या वेळात शिजतच नाहीत. ओला नारळ चालणार नाही, त्यातल्या पाण्याने बिस्किटं कुरकुरीत होत नाहीत. गोल्डन सिरप मिळालं नाही तर काकवी घ्या. रंग गडद येतो, चव छान जमते. मध लवकर करपतो. बटरऐवजी तूप घालायचं असेल तर १०० ग्रॅमच घ्या आणि पाणी एक मोठा चमचा वाढवा, कारण बटरमध्ये असतं तेवढं पाणी तुपात नसतं.

ओव्हन १६० अंशांवर तापत ठेवा. ओटीजीमध्ये (छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये) वरची-खालची दोन्ही कॉइल चालू हवीत आणि ट्रे मधल्या खाचेत. नुसती खालची कॉइल लावली तर तळ करपतो आणि वरची बाजू फिकी राहते.

मैदा, ओट्स, खोबरं आणि साखर मोठ्या भांड्यात एकत्र करा. बटर आणि सिरप मंद आचेवर वितळू द्या, उकळू नका. आता सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. सोडा उकळत्या पाण्यात ढवळून लगेच गरम बटरमध्ये ओता. सिरप किंचित आम्लधर्मी असतं, शिवाय उष्णता असतेच, त्यामुळे मिश्रण फेसाळून वर येतं. म्हणून पातेलं खोलगट घ्या. फेस आलाच नाही तर सोडा जुना आहे. तो टाकून नवा आणा, नाहीतर बिस्किटं दडस होतील. जास्त सोडा घालून भरपाई करू नका, साबणासारखी चव येते. फेस असतानाच कोरड्या मिश्रणात ओतून कालवा.

प्रत्येकी २५ ग्रॅमचे गोळे करून बेकिंग पेपरवर ५ सेंटिमीटर अंतराने ठेवा आणि हलकेच दाबा. गोळा वळताना फुटत असेल तर चमचाभर पाणी शिंपडा. मिश्रण गरम आणि तेलकट वाटत असेल तर दहा मिनिटं थांबा, नाहीतर बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटतील. दुसरा घाणा गरम ट्रेवर लावला तरी हेच होतं.

१२ ते १५ मिनिटं भाजा. कडा सोनेरी-तपकिरी झाल्या आणि मध्य बोटाला मऊ लागला की बाहेर काढा. इथे बहुतेकजण घाबरून पाच मिनिटं वाढवतात आणि बिस्किटं दगडासारखी होतात. साखर आणि पाक गार होताना घट्ट होतात, म्हणून ट्रेवरच पाच मिनिटं राहू द्या, मग जाळीवर काढा. चिवट आवडत असतील तर १२ मिनिटं पुरे. कुरकुरीत हवी असतील तर आच १५० वर आणून १८ मिनिटं द्या.

पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरा. पावसाळ्यात मऊ पडली तर १५० अंशांवर पाच मिनिटं फिरवून पुन्हा गार करा.