क्रिटिकल थिअरी घेऊन कंपनीचा अभ्यास करताय? या चुका टाळा

क्रिटिकल थिअरी म्हणजे समाजातली सत्ता कशी चालते हे तपासून तिच्यावर टीका करणारी विचारधारा. ती घेऊन कंपनीवर प्रबंध लिहिताना सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे फ्रेंच विचारवंत फूको आणि सीसीटीव्ही. ऑफिसात कॅमेरा दिसला की पॅनॉप्टिकॉन लिहून मोकळं व्हायचं. अहो पण पॅनॉप्टिकॉन म्हणजे इंग्लिश विचारवंत बेंथमने कल्पिलेला तुरुंग, त्यात पहारेकरी नेमका कधी बघतोय हे कैद्याला कळतच नाही, म्हणून तो स्वतःच स्वतःवर पहारा ठेवायला लागतो, फूकोला यात रस होता. तेव्हा कॅमेरे मोजत बसू नका, माणसांना विचारा की कॅमेरा आल्यापासून काय करायचं सोडलंत, एकत्र चहाला जाणं थांबलं का, युनियनचं बोलणं गेटबाहेर गेलं का. "काहीच बदललं नाही" असं उत्तर आलं तर तेही लिहा.

दुसरी चूक, कामगार फसलेत असं आधीच धरून चालणं. पहिल्या ड्राफ्टमध्ये मीही हेच केलं आणि मुलाखतींमधलं कितीतरी बोलणं मला ऐकूच आलं नाही. समाजशास्त्रज्ञ मायकेल बुरावॉय सत्तरच्या दशकात शिकागोतल्या एका इंजिन कारखान्यात स्वतः मशीनवर उभे राहिले, आणि त्यांना पडलेला प्रश्न उलटा होता, ही माणसं इतकं जीव लावून काम का करतात? पीस रेटचा, म्हणजे नगामागे मिळणाऱ्या मजुरीचा, कोटा गाठणं हा तिथे खेळच झाला होता, आणि खेळात रमलं की नियम कोणी ठरवले हे विचारायचं राहून जातं.

तिसरी चूक मला फार लागते. क्रिटिकल थिअरी मांडणारे फ्रँकफर्टचे विचारवंत होर्कहायमर येतात, हाबरमास येतात, जात मात्र येत नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला) धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि दलिताच्या उष्ट्या धाग्याचा सवर्णांना विटाळ, म्हणून दलितांना तिथे घेतच नसत. जात म्हणजे नुसती श्रमाची नाही, श्रमिकांचीही विभागणी, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलंय. आजच्या कंपनीत सफाईचं कॉन्ट्रॅक्ट कोणाकडे आणि ओळखीने नोकरी कोणाला लागते, एवढं तरी बघा.

दबावाशिवाय मोकळा संवाद व्हावा असं मांडणारे हाबरमास वापरणार असाल तर "आमच्याकडे सगळे मोकळेपणाने बोलतात" हे मॅनेजरकडून ऐकून लिहू नका. नाही म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं ते शोधा.

आणि शेवटच्या प्रकरणात "उत्पादकता वाढवण्यासाठी सूचना" घालू नका, नाहीतर आधीची सगळी टीका मॅनेजमेंटच्याच कामाला लागते. गाईडला सूचना हव्याच असतील तर शिफ्ट, टार्गेट, कॅमेरा यातलं काय कामगारांना विचारून ठरवावं ते लिहा, आणि तो मसुदा आधी त्यांना वाचून दाखवा.