गोळा आधी मधात आणा

लग्न होऊन वैनगंगेकाठच्या या गावात आली, तेव्हा मामाजींनी पहिले ८ दिवस मला भांडं करूच दिलं नाही. मातीचा गोळा कुंभाराच्या चाकावर मधात, म्हणजे बरोबर मधोमध, आणायचा नि मोडायचा, बस्स. तुम्हीही तेच करा.

माती खडे काढून कणकेसारखी मळा. बुडबुडा राहिला की काठ वाकडा जातो. गोळा मोठ्या संत्र्याएवढाच घ्या, चाकाच्या मधोमध जोरात आपटा, हात ओले करा. आता कोपर मांडीला घट्ट टेकवा. हात हवेत राहिले की माती तुम्हाला हलवते, तुम्ही तिला नाही. डोळे मिटून पाहा. तळहाताला बसणारे धक्के थांबले की गोळा मधात आला.

मग अंगठे खाली दाबा, बुडाला अर्धा इंच माती ठेवा. मी एकदा आरपार गेली होती! भिंत उचलताना बोटं आतून-बाहेरून, चाक हळू, आणि पाणी बेताचंच. माझी पहिली गाडगी जास्त पाण्यानंच बसली.

दोऱ्यानं कापून सावलीत वाळवा. मे महिन्यात मात्र काठावर ओलं फडकं टाका, आमच्याकडचं ऊन काठ आधी वाळवते नि तडा जातो.