पदवी मिळाल्यावर आई-वडिलांचे आभार कसे मानावेत

माझी स्वतःची पदवी झाली, मग दोघा धाकट्या भावांची, नंतर चुलत-मावस भावंडांची आणि सोलापुरातल्या आमच्या गल्लीतल्या बऱ्याच पोरापोरींची. दर उन्हाळ्यात कुणीतरी येऊन विचारतं, "ताई, घरच्यांसाठी काय करू?" तोवर त्याला हॉल घे, चौकात बॅनर लाव, फोटोंचा व्हिडिओ कर, असे सल्ले मिळालेले असतात. यातलं काहीही करू नका.

दिवस निकालाचाच धरा. पदवीप्रदान सोहळा काही महिन्यांनी होतो, तोवर सांगायचं राहूनच जातं. पेढे आणा, पाया पडा. स्टेटस मात्र आई-वडिलांशी बोलून झाल्यावरच ठेवा.

भेट साधी असू द्या. पण शाल-श्रीफळ नको, त्यानं घरातलं माणूस पाहुणं होतं. वडिलांनी यंत्रमागावर चादरी विणल्या असतील तर त्यांना चादर तर नकोच. चष्म्याचा नंबर बदलून देणं किंवा धड चप्पल घेणं यापेक्षा चांगली भेट मला अजून सापडलेली नाही.

खरं अवघड आहे ते बोलणं, आणि तिथं मी चुकले होते. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर, बहुतेक रात्रपाळीला. आई विड्या वळायची, दिवसाला हजार. माझ्या निकालाच्या दिवशी घरात काका, आत्या, शेजारी सगळे जमले होते. मी उभी राहिले आणि भरल्या गळ्यानं सांगितलं, की माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी आईनं बोरमाळ गहाण ठेवली होती. मला वाटलं, यापेक्षा मोठे आभार कोणते? वडील मान खाली घालून बाहेर गेले. त्यांनी ही गोष्ट सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती. रात्री आई एवढंच म्हणाली, "ते सांगायची काय गरज होती गं?"

म्हणून आता मी प्रत्येकाला बजावते: आई-वडिलांनी जे झाकून ठेवलं, ते चारचौघांत उघडं करू नका. कर्ज, गहाण, कुणापुढं पसरलेला हात, यातलं काहीही नाही. तुम्हाला तो त्याग वाटतो, पण त्यांनी तो अब्रू सांभाळून केलेला असतो.

पाहुणे गेल्यावर बोला, दोघांशी वेगवेगळं. आई भाकरी थापत असताना बोललं तरी चालतं. समोरासमोर बसवलं की माणसं अवघडतात. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्याच भाषेत बोला, मराठीत भाषण नको. "तुम्ही माझ्यासाठी खूप केलंत" हे वाक्य वापरू नका, ते कुणाच्याही आई-वडिलांना लागू पडतं. एकच प्रसंग घ्या, तुम्ही डोळ्यांनी पाहिलेला. धाकट्या भावानं वडिलांना सांगितलं, "परीक्षेच्या वेळी तुम्ही रात्रपाळीवरून आलात की चपला दाराबाहेरच हातात घ्यायचात, माझी झोप मोडू नये म्हणून. मी जागा असायचो." बास. एवढंच.

मग गप्प राहा. वडील बहुतेक विषय बदलतील, "जेवलास का?" म्हणतील. ते ऐकलं नाही असं समजून पुन्हा सांगत बसू नका. त्यांनी ऐकलेलं असतं.

आणखी एक. त्या दिवशी "आता काम सोडा, मी बघतो" म्हणू नका. हातात पहिला पगार नसताना हे बोलू नये, आणि ज्या कामावर घर उभं राहिलं ते टाकाऊ असल्यासारखं ते ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वराला जाऊन या.

पदवीप्रदानाला दोघांना न्यायला मिळालं तर जरूर न्या. २००४ पर्यंत इथली कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. आता आपलं विद्यापीठ केगावलाच आहे, त्यामुळे लांब पडतं ही सबब उरत नाही. प्रमाणपत्र आधी त्यांच्या हातात द्या, फोटो मागाहून. लॅमिनेशन करू नका, पुढं कागदपत्रांच्या तपासणीत अडचण येते. साध्या प्लॅस्टिक फोल्डरमध्ये घाला. ते घरात कुठं ठेवायचं हे आईला ठरवू द्या. आमच्याकडं तिन्ही प्रमाणपत्रं रेशनकार्डाच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, आणि किल्ली तिच्याकडं.